जोडीचं तिकीट

क्रोमर,
३ मार्च

प्रिय अल्बन,

तू फोनला हात लावत नाहीस, म्हणून पुन्हा एकदा टपालाचं तिकीट चिकटवते आहे. धाकटा भाऊ असा हट्टी निघाला की बहिणीचं अक्षर तरी सुधारतं.

कामाचं आधी. माझ्या क्रेडिट कार्डवाल्यांचं पत्र आलंय. 'आमच्या निष्ठावान ग्राहकांसाठी आनंदाची बातमी' अशी सुरुवात होती, तेव्हाच मी चहाचं पाणी ठेवलं. वाईट बातमी उभ्याने वाचू नये. आनंदाची बातमी अशी, की वर्षाची फी वाढणार, पॉइंट कमी मिळणार, आणि जोडीचं व्हाउचर यापुढे दुप्पट खर्च केल्याशिवाय हाती लागणार नाही. जोडीचं व्हाउचर म्हणजे एकाच्या पॉइंटांत विमानाच्या दोन जागा, हे तुला सांगणं म्हणजे पाद्रीबाबांना बायबल शिकवणं.

माझ्याकडे एक आहे, गेल्या वर्षीचं. राल्फच्या अंत्यविधीचं बिल आणि नवा बॉयलर, दोन्ही याच कार्डावर गेले, आणि त्या दोघांनी मिळून मला ते मिळवून दिलं. राल्फने जिवंतपणी मला आइल ऑफ वाइट बेटाच्या पुढे कधी नेलं नाही. ते काम त्याने गेल्यावर केलं. त्याला हे कळलं असतं तर तो पोट धरून हसला असता.

ऑगस्टअखेर वापरलं नाही तर व्हाउचर संपलं. आणि मला ते कशासाठी वापरायचंय ते तुला ठाऊक आहे. ऑलिव्हचं पत्र आलंय. कमरेचं हाड मोडल्यापासून डॉक्टरांनी तिला विमानात बसायला कायमची मनाई केली आहे. 'मी आता कॅनडातून, नोव्हा स्कॉशियातून हलत नाही, तुम्ही दोघं या,' असं लिहिते. दोघं या, अल्बन. आपली ही थोरली बहीण चौऱ्याऐंशीची झाली. आपण तिघं एका टेबलाशी शेवटचं कधी बसलो ते मला आठवेना. मला ते एकदा करायचंय, तिघांनाही चहाचा कप धडपणे हातात धरता येतोय तोवर.

तेव्हा प्रश्न दोन. हे कार्ड ठेवू की सोडू? आणि माझ्या शेजारच्या जागेवर कोण बसणार? तुला काय वाटतं?

तुझी,
हेस्टर


केंडल,
९ मार्च

प्रिय हेस्टर,

तुझ्या पहिल्या प्रश्नाने मला इतका आनंद झाला की मी अंडं उकडत ठेवलेलं विसरलो.

इतकी वर्षं एकच कार्ड! अगं, कार्ड म्हणजे नवरा नव्हे. सुखादुःखात साथ देण्याची शपथ त्यांनी घेतलेली नाही, आणि तू घेतली असशील तर तो तुझा भाबडेपणा. दर गुरुवारी लायब्ररीत आमचं मंडळ बसतं, तिथे मी सगळ्या म्हाताऱ्यांना हेच सांगतो: सवलत संपली की उठा, कोट घाला, बाहेर पडा. नवा माणूस दारात आला की हे लोक पायघड्या घालतात, आणि आत बसलेल्याला साधं पाणी विचारत नाहीत. मग आत बसावंच कशाला? मी बिनव्याजी मुदत संपायच्या आत दुसऱ्या कार्डावर उडी मारतो, तिथली संपली की तिसऱ्या. आजवर कोणत्याही बँकेला माझ्याकडून व्याज म्हणून एक पेनी मिळालेली नाही. माझ्या थडग्यावर एवढंच लिहिलं तरी चालेल.

आता कसं करायचं ते ऐक. त्यांना फोन कर. (हो, मी सांगतोय. पैशाच्या कामाला फोन चालतो.) 'मला कार्ड बंद करायचंय' एवढंच म्हण. ते तुला लगेच दुसऱ्या माणसाकडे देतील. त्या माणसाचं कामच मुळी जाणाऱ्याला थोपवणं. तो काहीतरी देऊ करील. नाही म्हण. मग आणखी काही देऊ करील. पुन्हा नाही म्हण. तिसऱ्यांदा देऊ केलं तर ऐकून घे, आणि तरीही सोड. मुख्य म्हणजे सॉरी म्हणू नकोस. तुला हे जमणार नाही याची मला भीती वाटते. लहानपणी तू खुर्चीला धडकलीस तरी खुर्चीची माफी मागायचीस.

शेजारच्या जागेचं म्हणशील तर तुझी ती शेजारीण मिसेस पेव्हरेल आहे की. घोरत नाही असं तूच लिहिलं होतंस. पण खरं सांगू? एका व्हाउचरसाठी एवढी फी भरत बसायचं म्हणजे नमनालाच घडाभर तेल. तू सरळ कार्ड बंद कर आणि मोकळी हो. सोबत नव्या कार्डाचं माहितीपत्रक पाठवतोय. फी नाही, वर वाण्याच्या बिलावर पैसे परत.

इकडे मटार पेरले.

तुझा,
अल्बन


क्रोमर,
२० मार्च

प्रिय अल्बन,

केला फोन. आता बसून वाच.

तू म्हणालास तसंच झालं, मला लगेच दुसरीकडे दिलं. पण तिथे थोपवणारा कोणी आडदांड माणूस नव्हता. कॅरिस नावाची मुलगी होती, स्वान्सीची. आवाज असा, की वाटलं हिला स्वेटर विणून पाठवावा.

"मिसेस गेडनी, तुम्ही आम्हाला सोडून चाललात?" ती म्हणाली.

"हो गं, सॉरी," मी म्हटलं. झालं. पहिल्याच चेंडूवर त्रिफळा.

"आमचं काही चुकलं का?"

"नाही, नाही! तुमचं काही नाही. फी तेवढी जरा…"

"फी यंदा अर्धी केली तर?"

"अगं बाई, खरंच? थँक यू!"

तुझ्या दोन नकारांतला एकही तोंडातून निघाला नाही. वर तिने विचारलं, कुठे जायचा बेत आहे का, तर मी तिला ऑलिव्हचं सगळं सांगितलं. तिची आजी पण पडली होती म्हणे. आम्ही कमरेच्या हाडांवर बराच वेळ बोललो. शेवटी तुझी आठवण झाली आणि मी छातीवर दगड ठेवून म्हटलं, "तरीपण बंदच करा, माझ्या भावाने सांगितलंय."

 तेव्हा ती मुलगी हळूच म्हणाली, "मिसेस गेडनी, मी हे सांगितलंच पाहिजे. कार्ड बंद केलंत की व्हाउचरही त्याच क्षणी जातं. तुमच्या बहिणीकडे जायचं राहील हो."

मी अर्थातच बंद केलं नाही. अर्ध्या फीवर राहिले आहे.

आता मला एक सांग. नियमांची ती मुंगीएवढी अक्षरं तू भिंग लावून वाचतोस. टोस्टरच्या हमीपत्रातली चूक काढून तू कंपनीला पत्र लिहिलं होतंस. आणि व्हाउचर जातं, एवढी एकच ओळ तुझ्या नजरेतून सुटली?

मिसेस पेव्हरेलला नॉरिचपर्यंत बसने जायचं तरी उलटीची गोळी लागते. शिवाय ऑलिव्हने मिसेस पेव्हरेलला बोलावलेलं नाही. मला तू हवायस.

हेस्टर


केंडल,
२ एप्रिल

प्रिय हेस्टर,

उशीर झाला, माफ कर. गुडघा धरला होता. मग गोगलगाईंनी मटार खाल्ले, ते पुन्हा पेरले.

व्हाउचरचं माझ्या लक्षात आलं नाही. माणूस आहे, होतं कधीकधी.

यायचं म्हणशील तर उन्हाळ्यात मंडळाचं काम खूप असतं. अनेकांच्या मुदती तेव्हाच संपतात, आणि मी नसलो तर हे लोक दुसऱ्याच दिवशी व्याजात बुडतील. शिवाय माझा पासपोर्ट संपलाय. नवा काढायचा तर किती खेटे, किती फोटो.

त्यापेक्षा असं करू. माझ्याकडे चार निरनिराळ्या कार्डांचे पॉइंट साठलेत. इतके, की त्यांत पृथ्वीला एक फेरी मारून वर नाश्ता मिळेल. ते सगळे तुझ्या नावावर करतो. तू वरच्या वर्गाने जा, पाय पसरून जा. ऑलिव्हला माझं प्रेम सांग.

अल्बन


क्रोमर,
६ एप्रिल

अल्बन,

तुझा पासपोर्ट संपलेला नाही. तो कधी नव्हताच.

छत्तीस वर्षं तू पोरांना भूगोल शिकवलास. अँडीज पर्वत, गंगेचा त्रिभुज प्रदेश, नोव्हा स्कॉशियाचा किनारा सगळा खडूने फळ्यावर, आणि स्वतः कधी इंग्लिश खाडी ओलांडली नाहीस. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तुला वाटतं मला ठाऊक नाही? शाळेची सहल फ्रान्सला निघाली की तुला दर वर्षी घसा धरायचा. राल्फ म्हणायचा, अल्बनच्या घशाला फ्रेंच येत नाही.

मी कधी काही बोलले नाही, कारण त्याने कोणाचं बिघडत नव्हतं. आता बिघडतंय.

ऑलिव्हच्या मुलाचं, ग्रेगरचं, पत्र आलंय. तिचं हल्ली मागचं-पुढचं होतं. माझं नाव बरोबर घेते, पण तुझ्याबद्दल विचारते तेव्हा 'अल्बनचे बूट ओले झाले असतील, कोणीतरी चुलीजवळ ठेवा' असं म्हणते. ग्रेगर लिहितो, उन्हाळ्यात आलात तर ओळखेल, पुढच्या वर्षाचं सांगवत नाही.

मला एका शब्दात उत्तर हवंय, हो किंवा नाही. कार्डाबद्दल एक अक्षर लिहू नकोस. गुडघ्याबद्दल आणि मटारांबद्दलही नको.

हेस्टर


केंडल,
१७ एप्रिल

प्रिय हेस्टर,

एका शब्दात मला कधी काही सांगता आलं नाही, हे माझे विद्यार्थीही सांगतील.

व्हाउचर जातं हे मला माहीत होतं. पहिलं पत्र लिहिताना ती ओळ माझ्या समोर होती. वाटलं, व्हाउचर गेलं की प्रश्नच मिटला, आणि मला नाही म्हणावं लागणार नाही. तुझी ती कॅरिस माझ्यापेक्षा प्रामाणिक निघाली. मला लाज वाटते.

विमानाची भीती वाटते, ते खरं. पण तेवढंच असतं तर दोन ब्रँडी घेऊन निभावून नेलं असतं.

ऑलिव्ह गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आई दिवसभर बेकरीत, तू तुझ्या मैत्रिणींत. मला बुटाची नाडी बांधायला ऑलिव्हने शिकवलं, वाचायला तिने शिकवलं. तिचं लग्न झालं आणि ती बोटीने गेली. त्यानंतर दोनदा आली, आणि दोन्ही वेळा निघताना म्हणाली, "पुन्हा भेटू." ते 'पुन्हा' मी जपून ठेवलंय गं. मी तिकडे गेलो, भेटलो आणि निघालो, की ते खर्च झालं. मग हातात काय राहणार? न जाण्यात एक बरं असतं, भेट शिल्लक राहते. माझ्या पॉइंटांचंही मी तेच करत आलोय. साठवतो, मोजतो, वापरत नाही.

तुझं पत्र आल्यावर ते मी आठवडाभर खिशात घेऊन फिरलो. गुरुवारी मंडळात एका बाईंनी विचारलं, "मिस्टर थ्रेलकेल्ड, ज्या पॉइंटांची मुदत संपत आली त्यांचं काय करावं?" मी नेहमीसारखं उत्तर द्यायला उभा राहिलो. पण एवढंच म्हटलं, "वापरा हो. आजच वापरा." आणि खाली बसलो. त्यांना वाटलं मला चक्कर आली. कोणीतरी बिस्किट आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी फोटो काढून आलो. सुपरमार्केटात यंत्र आहे, पडदा ओढून बसायचं, हसायचं नाही. फोटोत मी कैद्यासारखा दिसतो. अर्ज गेलाय.

हो.

खिडकीची जागा मात्र तू घे.

तुझा,
अल्बन


क्रोमर,
१२ जुलै

प्रिय अल्बन,

सुखरूप पोचले. ग्रेगरच्या पत्त्यावर लिहिते आहे. तुला मी टपाल कॅनडाला पाठवते आहे, हे पाकिटावर लिहितानाही खरं वाटत नव्हतं.

विमानात शेजारची जागा रिकामीच होती. हवाईसुंदरीने विचारलं, "तुमच्या सोबतचे गृहस्थ?" म्हटलं, "ते बहिणीकडे राहिले." तिने तुझं जेवणही मला दिलं. दोन्ही पुडिंगं मी खाल्ली.

मिसेस पेव्हरेलला सगळं सांगून झालंय, दोनदा. ऑलिव्ह दारातच उभी होती, तुला बघून तिने आधी तुझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "कोरडे आहेत," आणि मग तू लहान मुलासारखा रडलास, हेही सांगितलं. रागावू नकोस. मिसेस पेव्हरेल पण रडली. तिघांचा तो चहा मी आयुष्यात विसरणार नाही. ऑलिव्हने तुझ्या कपात न विचारता तीन चमचे साखर घातली आणि तू, डॉक्टरांनी बंदी घातलेला माणूस, निमूट प्यायलास. मला जे हवं होतं ते मिळालं, अल्बन. इतकं सुख मला राल्फ गेल्यापासून झालं नव्हतं.

आता कार्डाचं. परवा फोन केला. कॅरिस नव्हती, कोणी ड्यूई म्हणून मुलगा होता. त्याने फी अर्धी देऊ केली. नाही म्हटलं. पॉइंट देऊ केले. नाही म्हटलं. मग त्याचा आवाज पडला तशी मी सॉरी म्हटलं, पण कार्ड बंद करूनच फोन ठेवला. मी केलं! तू सांगितलेलं बिनफीचं कार्ड जाण्याआधीच आलं होतं. वाण्याच्या बिलावर खरंच पैसे परत येतात. पहिल्या महिन्यात केकपुरते आले.

एक चुकलंय ते सांगायलाच हवं. परतीच्या दिवशी सकाळी तू टोस्टला लोणी लावता लावता म्हणालास, "मी जरा राहतो," आणि मला इतका आनंद झाला की नियमांचा विचारच सुचला नाही. जोडीच्या व्हाउचरवरचा सोबती एकटा परत येऊ शकत नाही. माझ्याबरोबर आला नाहीस तेव्हाच तुझी परतीची जागा गेली. ती दुसऱ्या दिवसावर टाकता येत नाही, मी विचारून पाहिलं. पण तुझे ते डोंगराएवढे पॉइंट आहेत ना? त्यांवर काढ. आणि कधी येतोस ते कळव, मटारांना मी कोणाला तरी पाणी घालायला सांगते.

तुझी,
हेस्टर


ल्युनेनबर्ग, नोव्हा स्कॉशिया,
२६ जुलै

प्रिय हेस्टर,

परतीची जागा जाते हे मला माहीत होतं. या वेळीही ती ओळ मी वाचली होती. तुला सांगितलं नाही, कारण तू विमानतळापर्यंत मला हाताला धरून नेलं असतंस.

पॉइंटांवर जागा मिळत होती. मी ग्रेगरच्या संगणकावर बघितली, सप्टेंबरची होती, चांगली होती. पण पॉइंटांच्या तिकिटाला तारीख ठरवावी लागते, आणि ठरवली की बदलायला हजार भानगडी. बोट त्या बटणावर होतं, हेस्टर, आणि मला तारीख टाकवेना. मग मी गावात एका ट्रॅव्हल एजंटच्या दुकानात चालत गेलो आणि पूर्ण किमतीचं तिकीट काढलं. हवं तेव्हा बदलता येईल असं, म्हणजे त्यांच्याकडचं सगळ्यांत महाग. त्या बाईने विचारलं, कुठली सवलत, कुठलं कूपन, काही आहे का? नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. मंडळात कोणाला कळू देऊ नकोस.

पॉइंट ग्रेगरच्या मुलीला देऊन टाकतोय. तिला जपान बघायचंय. मी तिला क्योटोचा नकाशा काढून दाखवला, तर म्हणाली, "तुम्ही कधी गेला होतात?" नाही म्हटलं, पण आता विमानात बसता येतं मला.

इथे दिवस बरे जातात. सकाळी ऑलिव्ह स्वयंपाकघरात आली की मला बघून विचारते, "आज शाळा नाही का तुला?" मी म्हणतो, "सुट्टी आहे." मग ती खूश होते आणि मला बटाटे सोलायला बसवते. जाड सालं काढली की हातावर चापट मारते. कधी दुपारी अचानक तिला सगळं नीट आठवतं. मग राल्फ गेल्याबद्दल हळहळते, तुझ्या बॉयलरची विचारपूस करते, आणि माझ्या टकलावर हात फिरवून म्हणते, "काय रे, केवढा म्हातारा झालास." मी तेव्हाही तिथेच असतो. दोन्ही ऑलिव्ह मला मिळतात.

'पुन्हा भेटू' हे ती अजून म्हणालेली नाही, कारण मी अजून निघालेलो नाही. म्हणेल तेव्हा म्हणेल. त्याची पूर्वीसारखी भीती वाटत नाही.

मटारांना पाणी घालणाऱ्यालाच ते खाऊन टाकायला सांग. ऑलिव्ह आत्ता झोपली आहे. जाग आली की डोळे उघडायच्या आधी हाक मारते, "अल्बन, आहेस ना रे?" आणि 'आहे' म्हणायला मला खुर्चीत असावं लागतं, म्हणून पत्र इथेच पुरे करतो.

तुझा,
अल्बन